किंमत विचारायची लाज कशाला?

आपल्या वस्त्यांमधून आता चारचाकी गाड्या दिसू लागल्या आहेत. संगमनेरात चौदा एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारापाशी पाहिले, तर दुचाकींच्या रांगेशेजारी पाच-सहा चारचाकी उभ्या असतात. ज्यांच्या आज्याने गावकीची कामे केली, बापाने हमाली केली, आईने विड्या वळल्या, त्या घरात गाडी येते याचा आनंद साऱ्या समाजाला आहे. शिक्षणाचे हे फळ आहे. पण गाडी घेताना आपली माणसे शोरूममध्ये कशी वागतात हे मी जवळून पाहिले आहे. त्याबद्दल चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

मेथीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा आपला माणूस दहा लाखांच्या गाडीपुढे मुकाट्याने मान डोलावतो. गार हवेचे यंत्र, काचेच्या भिंती, इंग्रजी मिसळून बोलणारी पोरे, हातात आणून दिलेला कॉफीचा कप. एवढ्यानेच आपण निम्मे हरतो. समोरचा जो आकडा सांगेल तो खरा मानतो. हिशेब विचारला तर आपण गरीब ठरू, अशी एक भीती मनात असते.

माझा भाचा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, सूनबाई नर्स आहे. दोघांचे पगार, त्यात थोडी साठवण. बहिणीच्या गुडघ्यांचे दुखणे वाढल्यावर तिला नाशिकला डॉक्टरकडे न्यायला एसटीने फार हाल होतात, म्हणून गाडी घ्यायचे ठरले. जमिनीपासून उंच, बसायला-उतरायला सोपी, ज्याला आता सगळे एसयूव्ही म्हणतात तशी. मी कारकून माणूस, त्यात बी.कॉम. झालेला, म्हणून बहीण म्हणाली, "दादा, तू बरोबर जा. पोरगं भिडस्त आहे." शोरूमचे नाव मी लिहीत नाही. मुद्दा एका दुकानाचा नाही.

विक्रेत्या पोराने गाडी छान दाखवली. मग एका कागदावर एकच आकडा लिहिला : ११ लाख ३० हजार ५००. "सर, ऑन रोड. सगळं आलं यात." भाचा सहीसाठी पेन शोधू लागला. मी म्हणालो, "यात काय काय आले ते ओळीने लिहून द्या." पोरगा जरा थांबला, आत जाऊन आला आणि छापील कागद दिला. त्यावर असे होते : गाडीची शोरूम किंमत ९,२०,०००, आरटीओ १,११,५००, विमा ४९,०००, वाढीव वॉरंटी १७,५००, अ‍ॅक्सेसरी संच २४,०००, हँडलिंग ८,५००.

भाच्याने माझ्या गुडघ्याला हात लावला. हळूच म्हणाला, "मामा, जाऊ द्या ना. लोक म्हणतील, परवडत नाही तर आले कशाला."

या वाक्यासाठीच मी हा लेख लिहितो आहे.

बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात लिहून ठेवल्या आहेत. त्यातली पहिलीच आठवण १९०१ सालची आहे. वडील कोरेगावला नोकरीवर होते आणि लहान भीमराव, त्यांचे थोरले बंधू व भाचे साताऱ्याहून त्यांच्याकडे निघाले होते. मसूर स्टेशनावर उतरल्यावर मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एक जण तयार झाला तो या अटीवर, की भाडे दुप्पट द्यायचे आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची. तो बाजूने पायी चालणार. मुलांनी दुप्पट भाडे दिले.

हे वाचताना आपण अपमानाविषयी बोलतो आणि ते बरोबरच आहे. पण कारकून म्हणून मला त्यातला हिशेबही दिसतो. सेवा अर्धी, पैसे दुप्पट, आणि का म्हणून विचारायची सोय नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांनी असेच पैसे मोजले. मजुरी घेताना कमी आणि वस्तू घेताना जास्त. आज शोरूमच्या दारात कोणी जात विचारून जास्त भाव लावत नाही. तिथे सगळ्याच जातींचे भिडस्त गिऱ्हाईक फसते. पण सांगितले तेवढे निमूट देऊन मोकळे व्हायचे, ही सवय आपल्या अंगात कुठून आली, याचा विचार आपणच केला पाहिजे.

विचारणारी माणसेही आपल्यातच होती. संगमनेर-अकोले भागातल्या किती तरी घरांसारखी माझी आई विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांवर. विड्या द्यायला गेले की तिथला माणूस खराब म्हणून काही विड्या बाजूला काढायचा. त्या छाटीचे पैसे मिळत नसत. पुष्कळ बाया खाली मान घालून उरलेल्याचे पैसे घ्यायच्या. आई म्हणायची, "माझ्यासमोर मोजा. कोणती विडी खराब, ती दाखवा." आईला सही करता येत नव्हती, पण आपल्या विड्या तिला पाठ होत्या. तिला कोणी गरीब म्हटले असेल तर ती होतीच गरीब. लाज मात्र तिला वाटली नाही.

म्हणून मी भाच्याला म्हणालो, "तू गप्प बस आणि ऐक." मग त्या कागदावर एकेक ओळ घेतली.

पहिली गोष्ट, यातले सरकारचे किती आणि दुकानाचे किती हे वेगळे करायचे. सरकारी करात घासाघीस होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरपर्यंत लांब आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या गाडीवर पूर्वी उपकर धरून २९ टक्के लागत, ते आता १८ झाले. मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आहे. जाहिरातीत एसयूव्ही लिहिले म्हणून कर ठरत नाही, लांबी आणि इंजिन पाहून ठरतो. आमची गाडी १८ टक्क्यांतली होती आणि हा कर शोरूम किमतीतच धरलेला असतो. किंमत १० लाखांच्या वर गेली तर एक टक्का टीसीएस घेतात. तो आयकराच्या विवरणपत्रात आपल्या नावे जमा दिसतो, बुडत नाही.

दुसरी ओळ आरटीओची. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के कर आहे, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३; डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. ९ लाख २० हजारांचे ११ टक्के म्हणजे १ लाख १ हजार २००. नोंदणी शुल्क ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचे १५००, स्मार्ट कार्डाचे २००, शिवाय थोडा अधिभार. कितीही ओढले तरी साडेपाच हजारांच्या पुढे एक लाख जात नाहीत. कागदावर १,११,५०० होते. मी विचारले, "वरचे सहा हजार कशाचे?" उत्तर आले, "सर, एजंटचे, फाइलचे." नव्या गाडीची नोंदणी आता डीलरच संगणकावरून करतो. मी म्हणालो, "कराची पावती सरकारची निघते. तिच्यावर जो आकडा येईल तो आम्ही देतो." सहा हजार गेले.

तिसरी ओळ विम्याची. नव्या चारचाकीला तिसऱ्या पक्षाचा विमा १ सप्टेंबर २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो कायदा आहे. पण विमा कोणत्या कंपनीचा आणि कोणाकडून घ्यायचा, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे. शोरूमचाच घ्या अशी सक्ती करता येत नाही. आम्ही तेवढ्याच रकमेचे, त्याच सवलतींचे संरक्षण बाहेर विचारले, ते ३८ हजारांत मिळाले. मात्र स्वस्त दिसतो म्हणून कमी संरक्षणाचा विमा उचलू नये. गाडीची विम्यात धरलेली किंमत दोन्हीकडे सारखी आहे का, ते आधी पाहावे.

चौथी ओळ अ‍ॅक्सेसरीची. संच घेतलाच पाहिजे असे कुठेच लिहिलेले नाही. पायपुसणी आणि चिखल अडवायचे पट्टे, एवढे साडेतीन हजारांत घेतले. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी चालू असताना नंतरही घेता येते, म्हणून तूर्त सोडली.

शेवटची ओळ हँडलिंगची. मी विचारले, "शोरूम किंमत म्हणजे गाडी शोरूममध्ये पोचल्यावरची किंमत ना? मग आणल्याचे पैसे पुन्हा कशाचे? असतील तर पावतीवर हँडलिंग असे नाव घालून द्या." पोरगा हसला, पुन्हा आत गेला. साडेआठ हजारही गेले.

आता आकडा आला १० लाख ६७ हजार. म्हणजे ६३ हजार ५०० कमी, तेही सूट न मागता. त्यानंतर मी गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारले. चार महिने उभी होती. त्याबद्दल १२ हजारांची सूट मागितली आणि बिलावर दाखवून घेतली. पक्का आकडा १० लाख ५५ हजार.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नंतर एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "दुसरीकडे वीस हजार कमी सांगतात असे ठोकून द्यायचे, आणखी उतरले असते." आपण विहारात पंचशील ग्रहण करतो. त्यात खोटे न बोलण्याचे शील आहे आणि न दिलेले न घेण्याचेही आहे. न सांगता लावलेले शुल्क म्हणजे न दिलेले घेणे, असे मी मानतो. म्हणूनच ते नाकारायचा आपल्याला हक्क आहे. पण मग आपणही खोट्या भावाची हूल देऊ नये आणि बिल कमी दाखवून कर बुडवायला सांगू नये. तो विक्रेता पोरगाही कोणाच्या तरी घरचा कमावता आहे. त्याच्यावर ओरडून काय मिळणार? दर त्याने ठरवलेले नसतात. त्याला चहा पाजावा आणि हिशेब मात्र पैशापैशाचा मागावा.

आणि आता सर्वांत मोठा खड्डा. सगळे उरकल्यावर पोराने विचारले, "सर, महिन्याला किती हप्ता जमेल?" या प्रश्नाला उत्तर देऊ नका. उदाहरण पाहा. साडेनऊ टक्क्यांनी ८ लाखांचे कर्ज पाच वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे १६,८०० आणि एकूण परतफेड सुमारे १० लाख ८ हजार. तेच सात वर्षांवर नेले तर हप्ता सुमारे १३,०७५ होतो, पण एकूण परतफेड सुमारे १० लाख ९८ हजार होते. म्हणजे ९० हजार जास्त! आम्ही दिवसभर बोलून वाचवले त्याहून अधिक. हप्ता लहान झाला म्हणजे गाडी स्वस्त झाली असे नाही. आधी गाडीची किंमत पक्की करावी, मग आपल्या पगाराच्या बँकेत आणि आणखी एका बँकेत व्याज व प्रक्रिया शुल्क विचारावे. आणि पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल, तर ती गाडी आपल्यासाठी नाही, असे स्वतःला सांगायची हिंमत ठेवावी. मुलांच्या शिक्षणाचा पैसा गाडीत घालू नये.

सगळे लेखी घेऊनही कोणी नंतर अडवले, तर कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला २० जुलै २०२० पासून. १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जावे. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात घेतली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. १० ते २० लाखांच्या खरेदीला फी ४०० रुपये आहे आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही. लागतात ती कागदपत्रे. म्हणून बुकिंगची पावती, दरांचा कागद, पक्के बिल, कराची पावती, विम्याची पॉलिसी, हे सगळे एका पिशवीत जपून ठेवावे. तोंडी शब्दाला आयोगापुढे वजन नसते.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली निघाला. साम्राज्याच्या चलनाचा हिशेब मागणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी, आणि आपल्याच कष्टाच्या पैशांचा हिशेब मागताना अवघडतो, हे शोभत नाही. प्रत्येक वस्तीत एखादा तरी शिकलेला कारकून, शिक्षक, बँकेतला मुलगा असतो. घरात मोठी खरेदी निघाली की त्याला बरोबर न्यावे, आणि त्यानेही वेळ नाही म्हणू नये. हेही समाजकार्यच आहे. महिला मंडळांनी तर एखाद्या रविवारी वंदना झाल्यावर असा दरांचा कागद सर्वांसमोर वाचून दाखवावा. आमच्या भाच्याचा कागद मी जपून ठेवला आहे. ज्याला हवा त्याने घेऊन जावा.