वेलांटीला टोकन

कळफलकावरच्या कळेला स्वतःचं अक्षर ठाऊक नसतं. 'के' असं छापलेली कळ दाबली की तिच्या पोटातून 'के' बाहेर पडतो, ही बहुतेकांची समजूत. प्रत्यक्षात ती बिचारी संगणकाला एवढंच कळवते, की 'अमुक नंबरची कळ दाबली गेली हो!' मग संगणक आपला तक्ता उघडतो आणि त्या नंबरावर कोण बसलंय ते बघतो. बँकेत खातेदार खिडकीशी येऊन खाते क्रमांक सांगतो आणि नाव आम्ही यंत्रात बघतो, तसंच हे. तक्ता बदलला की त्याच कळेतून वेगळं अक्षर निघतं. कळेवरचं छापील अक्षर म्हणजे दारावरची पाटी. आत भाडेकरू कोण राहतो, ते पाटीला विचारून उपयोग नाही.

लिनक्स नावाची जी संगणकप्रणाली आहे, तिच्यात हा तक्ता साध्या मजकुराच्या फाइलीत असतो आणि कळांना नंबर दिलेत ते चक्क नाट्यगृहासारखे. सर्वांत खालची, स्पेसबारची रांग ए. तिच्यावर बी, सी, डी आणि अगदी वर आकड्यांची रांग ई. 'एडी०१' म्हणजे अक्षरांच्या विभागात डी रांगेतली पहिली खुर्ची. इंग्रजी प्रयोगाला तिथे क्यू बसतो. मराठी प्रयोगाला त्याच खुर्चीवर औकाराची मात्रा पदर सावरून बसते. तिकीट नीट असलं की झालं.

मराठी प्रयोगाची ही अधिकृत बैठकव्यवस्था म्हणजे इनस्क्रिप्ट. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली तिच्यावर शिक्का मारला. बेत मोठा शहाणपणाचा आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. खाली क, शिफ्ट दाबली की वरच्या मजल्यावर ख. खाली ग, वर घ. खाली त, वर थ. सख्खे भाऊ एकाच घरात, फक्त जिना वेगळा. के या कळेवर नेमका क बसलेला पाहून नवशिक्याला हायसं वाटतं. पण पुढे एलवर त आणि पीवर ज भेटतो आणि लक्षात येतं, की तो एक योगायोग होता. नव्या शाखेत बदली होऊन गेल्यावर एकच ओळखीचा चेहरा दिसावा, आणि तो नेमका चहावाला निघावा, तशातली गत.

आता तुम्ही म्हणाल, बैठक इतकी छान आहे तर तुम्ही खुर्च्या हलवायला का निघालात? त्याचं कारण 'ऱ्य'.

हे अक्षर म्हणजे मराठीची खास ठेव. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना वाकून नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना पुरणात जायफळ घाला म्हणून सांगायचं. फरक दिसायला एवढासा, पण जेवणावळीत गल्लत झाली तर आचार्य पाट्यावर आणि आचारी पाटावर. आमच्या शाखेतल्या संगणकावर जी मराठी लिहिण्याची सोय आहे, ती इंग्रजी अक्षरांवरून अंदाज बांधते. 'आर' आणि 'वाय' एकत्र दिसले की ती डोळे मिटून रफार देते. परिणामी आमच्या फलकावर कायम 'शेतकर्यांना पीक कर्ज' मिळतं. शेतकऱ्यांना मिळतं की नाही, तो वेगळा विभाग आहे.

इनस्क्रिप्टमध्ये ऱ आहे, नाही असं नाही. शिफ्टसकट जे दाबायची, मग डीवरचं हलन्त, मग य. पण एका 'दुसऱ्या'साठी बोटांना एवढी प्रदक्षिणा? दुसरं अक्षर ॲ. हे अखंड अक्षर म्हणून युनिकोडच्या यादीत आलं २००८ साली. त्याआधी ठरलेल्या मांडणीत त्याला खुर्ची असणार तरी कुठून? तोवर लोक अ लिहून त्याच्या डोक्यावर चंद्र ठेवायचे आणि अजूनही ठेवतात. दिसायला दोन्ही जुळे, पण संगणकाच्या दप्तरी नोंदी वेगळ्या. एक ॲकाउंट शोधायला गेलं तर दुसरं सापडत नाही. खुद्द बँकेचं तेच. कुणी ब वर चंद्र ठेवून अनुस्वार देतो, कुणी थेट चंद्रबिंदू देतो. दोन्ही बँका डोळ्यांना एकच, यंत्राला दोन. विलीनीकरण न झालेल्या बँकांची ही एवढीच जोडी उरली असावी.

तेव्हा मी ठरवलं, आपला तक्ता आपण मांडायचा. विंडोजसाठी 'मायक्रोसॉफ्ट कीबोर्ड लेआउट क्रिएटर' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्यात चालू मांडणी उघडायची, तिची प्रत वेगळ्या नावाने ठेवायची, आणि पडद्यावरच्या कळेवर टिचकी मारून तिथे हवं ते अक्षर बसवायचं. नाव फार तर आठ अक्षरांचं, तेही रोमन. बाळाचं नाव ठेवताना आत्याने घातली नसेल अशी अट. शिफ्टचा मजला भरलेला असला तर उजव्या ऑल्टचा तिसरा मजला मोकळा असतो. रुपयाचं चिन्ह २०१० साली ठरलं, तेसुद्धा तिथेच, चारच्या कळेवर राहतं. त्याच मजल्यावर मी जे कळेवर 'ऱ्' हलन्तासकट बसवला, कारण एका कळेतून दोन-तीन कोड एकदम सोडायची इथे मुभा आहे. शेजारी ॲ. मग चाचणी, मग बांधणी, आणि शेवटी यंत्रात स्थापना. स्थापनेला प्रशासकाची परवानगी लागते. आमच्या घरच्या संगणकाचं प्रशासक खातं सौ.च्या नावावर आहे. संगणकानेही घर ओळखलेलं दिसतं. परवानगी मिळाली, पण तारण म्हणून मला माळा आवरून द्यावा लागला.

हे सगळं चालू असताना सासरेबुवा मागे येऊन उभे राहिले.

सासरेबुवा सदतीस वर्षं सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होते. कळांकडे न बघता मिनिटाला चाळीस शब्द. निवृत्तीनंतर यंत्र गेलं, बोटं राहिली. रेडिओवर बातम्या लागल्या की त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालू लागतात. सासूबाई म्हणतात, बातमी संपली की ते खुर्चीचा हात उजवीकडे ढकलू बघतात. नातीने त्यांना सुचवलं, "आजोबा, बोला ना, फोन आपोआप लिहितो." ते म्हणाले, "जन्मभर साहेब बोलले आणि मी टंकलं. आता मी बोलायचं आणि यंत्राने टंकायचं, म्हणजे मी साहेब झालो. ते मला जमायचं नाही."

त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "जावईबापू, यात वेलांटी आधी देता येते का हो?"

जुन्या यंत्रावर कागद सरकेल तशी अक्षरं उमटत. 'ति' लिहायची तर डावीकडची वेलांटी आधी ठोकायची, मागून त. संगणकाचा कायदा उलटा. आधी व्यंजन, मागून वेलांटी, मग ती डावीकडे जाऊन उभी राहते. ज्या बोटांनी सदतीस वर्षं वेलांटी आधी दिली, त्यांना हे कसं पटावं? जुन्या यंत्रांच्या तयार मांडण्या मिळतात, पण त्यांच्या यंत्राशी तंतोतंत जुळेल अशी मला सापडली नाही. माझ्या नव्या प्रोग्रॅमने हात वर केले. तो कळेवर अक्षर बसवतो, रांगेतल्या माणसांची अदलाबदल करत नाही. मग कीमॅन नावाचं दुसरं फुकट साधन घेतलं. त्यात नियम लिहिता येतात. मी बँकेतला माणूस, नियम बँकेच्याच भाषेत सुचला. वेलांटी आधी आली तर तिला टोकन देऊन बाकावर बसवा. पाठोपाठ व्यंजन आलं की आधी त्याचं काम करा, मग तिचा नंबर पुकारा. अर्धं अक्षर आलं तर वेलांटीने अजून थांबावं, जोडीदार यायचा आहे.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी सासरेबुवा संगणकासमोर बसले, पाठ ताठ, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. पडद्यावर मराठी धावू लागलं. मी तिथून उठून बाल्कनीत गेलो. कुणी आपल्या जुन्या घरात पाऊल टाकत असताना आपण दारात उभं राहू नये.

मंगळवारी शाखेत एक टंकलिखित पत्र आलं. सुबक समास, एक खाडाखोड नाही. 'आपल्या फलकावरील "शेतकर्यांना" हा शब्द अशुद्ध असून तो "शेतकऱ्यांना" असा हवा. दुसऱ्या ओळीतील "दुसर्या" हाही तसाच. कळावे.' खाली आमच्या सासरेबुवांची सही. साहेबांनी पत्र माझ्याकडेच दिलं आणि म्हणाले, "उत्तर टाइप करा."

उत्तर द्यायचं शाखेच्या संगणकावर, जिथे माझी मांडणी घालायची तर मुख्य कचेरीची मंजुरी हवी. मंजुरीचा अर्ज गेल्या वर्षी गेलाय. शेतकऱ्यांचं नाव काढलं असतं तर त्याच पत्रात पुन्हा तोच रफार पडला असता, आणि रविवारी जेवायला त्यांच्याचकडे जायचं होतं. मी थोडा विचार केला आणि लिहिलं: 'आपले पत्र मिळाले. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.'

बँका वर्षानुवर्षं हेच एक उत्तर का देतात, ते त्या दिवशी कळलं. त्यात र्य एकच आहे आणि तो बरोबर आहे.