मंडईजवळची काष्ठौषधी आणि मनाची अस्वस्थता

पुण्याच्या महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ पासून उभी आहे. भाजीबाजार मागे टाकून आसपासच्या पेठांत शिरले, की एखाद्या वळणावर उग्र, मातकट दरवळ येतो. ही काष्ठौषधींची दुकाने. पोत्यांत हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध. बरण्यांत ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, वेखंड. शेजारीच केसाळ, तपकिरी जटामांसी. हिमालयात तीन ते पाच हजार मीटर उंचीवर वाढणारी ही वनस्पती बेसुमार तोडणीमुळे आता दुर्मीळ झाली आहे.

येथे माणसे केवळ खोकल्याचा काढा मागत नाहीत. जोडीदार गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत नाही, जीव घाबरतो, विनाकारण चिडचिड होते, ही गाऱ्हाणी दवाखान्यात ओठांवरच अडतात. दुकानाच्या फळीपाशी मात्र सहज बोलली जातात.

या मुळ्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. उन्माद आणि रक्तदाब यांवरील सर्पगंधेच्या गुणांविषयी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला. १९५२ मध्ये तिच्या मुळांतून रिसर्पीन वेगळे केले गेले. तेच रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत पुढे खोल उदासीनताही आढळली. ज्या वनस्पतीत गुण आहे, तिच्यात अपायाची शक्तीही असते.

म्हणून ज्येष्ठांनी थोडे जपावे. अश्वगंधेने झोपेच्या गोळीची गुंगी वाढू शकते. थायरॉइड, मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांचा मेळ बिघडू शकतो. क्वचित कावीळही होते. रात्री गुंगीत तोल गेला, तर खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. दुधात किंचित उगाळलेले जायफळ निराळे. चमचाभर पूड घेतल्यास धडधड आणि भ्रम होऊ शकतो.

घरातील सेवाकर्त्यांना एवढीच विनंती, की तपासणीला येताना गोळ्यांच्या पिशवीत ही पुडीही ठेवावी. चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, अन्नावरची वासना उडाली किंवा जगणे नको, असे शब्द आले, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. आणि पुडी आणण्यास आजोबा-आजींसोबत आपणही जावे. घरी न बोललेले दुःख कदाचित त्या फळीपाशी आपल्या कानी पडेल.