मारानेल्लोचा न मिटणारा वाद

इटलीतल्या मोदेना शहराच्या दक्षिणेला, सुमारे १८ किलोमीटरवर मारानेल्लो हे छोटंसं गाव आहे. फेरारी मोटारींचं हे माहेर. ग्रां प्री शर्यतीत फेरारी जिंकली, की इथल्या चर्चची घंटा वाजू लागते!

एन्झो फेरारी यांनी १९४३ मध्ये कारखाना इथे आणला आणि १९४७ मध्ये पहिली फेरारी बाहेर पडली. गावातल्या संग्रहालयात देशोदेशीचे शौकीन येतात. त्यांची गाडी एकाच प्रश्नावर अडते : सर्वांत उत्तम फेरारी कोणती? जुने जाणकार '२५० जीटीओ'चं नाव घेतात. १९६२ ते १९६४ या काळात त्या अवघ्या ३६ बनल्या. बाकीच्यांचा कौल १९८७ च्या 'एफ-४०'ला. एन्झो यांनी स्वतः पसंत केलेली ही शेवटची गाडी. वेग ताशी ३२४ किलोमीटर. पण आत गालिचा नाही, रेडिओ नाही. दार उघडायला आतून चक्क दोरी ओढायची! एवढे पैसे मोजून निदान मूठ तरी द्यायची, असं कुणालाही वाटेल.

एखादा मात्र गुपचूप 'दिनो'पाशी जाऊन उभा राहतो. बारा नव्हे, सहाच सिलिंडर. कारखान्यातून निघताना तिच्यावर फेरारीचं नाव नसे, की घोडा नसे. "ही फेरारीच नव्हे," असं कट्टर मंडळी ठणकावतात.

दिनो हा एन्झो यांचा मुलगा. स्नायूंच्या असाध्य आजारानं तो १९५६ मध्ये, ऐन चोविशीत गेला. त्या गाडीवर नाव आहे ते त्याचं, त्याच्याच सहीच्या वळणाचं.