दारात कोणते फुलझाड लावाल?

वैशाखात कधी साताऱ्याला जाणे झाले, तर एस. टी.त खिडकीची जागा धरा. ऊन मी म्हणत असते, नांगरलेली शिवारे उघडी पडलेली असतात, आणि रस्त्याकडेचे गुलमोहर मात्र लालभडक फुललेले! सातारकरांची या झाडावर एवढी माया, की १९९९ पासून तेथे १ मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो.

हा थाट पाहून आपल्याही दारात एक गुलमोहर असावा, असे कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटले. आबांनी साताऱ्याहून रोप आणून गोठ्यालगत लावले. पाहता पाहता ते कौलांच्या वर गेले. मग एका वर्षी वळवाचे वादळ सुटले आणि भली मोठी फांदी गोठ्यावर कोसळली. कौलांचा चुरा झाला. गाभण गाय थोडक्यात वाचली. आबा एवढेच म्हणाले, "झाड चुकले नाही, आपण जागा चुकलो."

गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा. त्याचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ आणि लांबवर पसरणारी. तेव्हा घर, गोठा, विहीर यांपासून निदान तीस फूट मोकळी जागा असेल, तरच तो लावा.

परसात मोठे झाड हवेच असेल, तर आपल्याच मातीतली दोन आहेत. पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे गेलात, तर कोकणात ओढ्याकाठी जांभळ्या तुऱ्यांचे ताम्हण दिसेल. हेच आपल्या महाराष्ट्राचे राज्यफूल. त्याला ओल मानवते. न्हाणीचे सांडपाणी जिथे जाते, तिथे लावावे. पाण्याची ओढ असलेल्या गावी बहावा बरा. ऐन उन्हाळ्यात त्याला पिवळे घोस लोंबतात. बी मात्र टणक असते. टोक घासून मगच पेरावे.

अंगण लहान असेल, तर झाडाचा हट्ट सोडा आणि झुडपे लावा. जास्वंद, तगर, मोगरा हे छाटणीने हाताच्या उंचीत राहतात आणि रोज पूजेला, वेणीला फुले देतात. फांदी पडून कौल फुटण्याची भीती नाही.

कण्हेरीबाबत मात्र जपा. ती कमी पाण्यावर फुलते, दिसायलाही देखणी. पण तिचे पान, फूल, फांदी, सारेच विषारी. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तीही तशीच. गुरे-शेळ्या बांधतो तिथे आणि लहान मुले खेळतात तिथे ती नको. छाटलेल्या फांद्याही वैरणीजवळ टाकू नका.

आमच्या न्हाणीमागे आता ताम्हण उभे आहे, गोठ्याकडेला जास्वंद आहे. गुलमोहर पाहायला आम्ही साताऱ्याला जातो.

तुम्हीही मृगाआधी खड्डा घ्याल, तेव्हा आधी वर पाहा, मग गोठा किती पावलांवर आहे ते मोजा. फुलाचा रंग त्यानंतर ठरवा.