कळांना वेळ लागतो, बाय

मालवण,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. बायस,


तुझी तारीख नेमकी चवथीच्या आसपास, आणि कळा लांबल्या तर काय करायचं या धास्तीने तुला झोप नाही. त्यात शेजारच्या काकूंनी एरंडेल प्यायला सांगितलं! ते मुळीच घेऊ नकोस. उलट्या-जुलाबांनी बाई गळून जाते, आणि खरी ताकद तर पुढे लागायची असते.

तीस वर्षं मी प्रसूतिकक्षात काढली. पहिली काही वर्षं मी चुकत होते, हे तुला आज सांगते. आलेल्या प्रत्येक बाईला उताणी निजवायचं, हलू द्यायचं नाही, खाऊ द्यायचं नाही, घरच्यांना बाहेर काढायचं. आम्हाला शिकवलंच तसं होतं. मग एका पावसाळी रात्री खाडीपलीकडची एक पहिलटकरीण आली. पिशवीचं तोंड अडीच बोटं उघडलं आणि तिथेच थांबलं. लाइट गेली तशी ती टेबलावरून उतरली, खिडकीचे गज धरून उभी राहिली आणि कंबर डोलवू लागली. मी ओरडणार, तोच तिची आई आत शिरली. "आये, हय दाब," मुलगी म्हणाली. आईने तळहाताची टाच माकडहाडाजवळ रोवली आणि कळ ओसरेपर्यंत हलवली नाही. दोन कळांच्या मधे ती लेकीला पेजेचं पाणी चमच्याने पाजत होती. मी फक्त पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकत राहिले. उजाडायच्या आत बाळ रडलं. त्या रात्रीनंतर मी कुठल्याही बाईला सक्तीने उताणी निजवलं नाही.

कारण साधं आहे. उभं राहिलं, चाललं की बाळाच्या डोक्याचा भार पिशवीच्या तोंडावर येतो आणि कमरेच्या हाडांनाही हलायला वाव मिळतो. चालत्या-उभ्या बायांचा पहिला टप्पा सरासरी तासाहून जास्त लवकर आटोपतो, हे अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसलं आहे.

म्हणून सुरुवातीच्या कळांत घरीच खळ्यात फेऱ्या मार. दमलीस की गुडघ्यांमधे उशी घेऊन कुशीवर पड, जमलं तर झोप. पेज, शहाळं घोट घोट घे. लघवी तुंबवू नकोस. भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं. कमरेवर कोमट पाणी घे. चवथीला घर माणसांनी भरलेलं असेल. मागची खोली तुझी, तिथे उजेड मंद ठेवू. भ्यालेल्या, संकोचलेल्या बाईच्या कळा मंदावतात.

घड्याळाला घाबरू नकोस. अमेरिकेत डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ साली ५०० पहिलटकरणींच्या प्रसूतीचा आलेख मांडला. त्यातून पुढे पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडायलाच हवं, असा दंडक रुजला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट केलं की तो प्रत्येक बाईला लागू पडत नाही. जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरायचा, आणि पहिल्या खेपेला त्याला बारा तासांपर्यंत लागू शकतात. आई-बाळ ठीक असतील तर नुसत्या संथपणासाठी घाई करायची नाही.

पण वाट पाहणं वेगळं आणि अंगावर काढणं वेगळं. पाणमोट फुटली, पाणी हिरवट आलं, अंगावरून रक्त गेलं, ताप आला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा बाळ हलेनासं झालं, तर फेऱ्या नकोत, पेज नको. थेट १०८ ला फोन. घरी कुणी कळांचं इंजेक्शन देतो म्हणालं किंवा पोट दाबायला आलं तर ठाम नाही म्हण. त्याने पिशवी फाटू शकते. रुग्णालयात डॉक्टरांनी ठोक्यांवर लक्ष ठेवून सलाईनमधून औषध दिलं, किंवा सिझर करावं लागलं, तर तो तुझा पराभव समजू नकोस. त्याच सोयींमुळे कितीतरी अडलेल्या बाया वाचल्या आहेत.

आणखी एक. सरकारी रुग्णालयात स्वतः बाळंतपण अनुभवलेली एक बाई सोबतीला ठेवायला २०१६ पासून केंद्राची मान्यता आहे. तू ओरोसला नाव घातलं आहेस, तिथे मी तुझ्याबरोबर येते. तू गज धर, टेबल धर, माझा खांदा धर. हात माझा असेल. कुठे दाबायचं ते तू सांग.

तुझी,
मावशी