मुलींच्या हाती काम देताना

शाहूवाडी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी शिकवते. मलकापूर, बांबवडे, सरूड ही बाजाराची गावं सोडली, तर आमचा तालुका वाड्यावस्त्यांचाच. वारणा, कडवी आणि कासारीची खोरी, आंबा घाटाकडे चढत जाणारा रत्नागिरी रस्ता, विशाळगडाच्या अंगाचं दाट रान आणि पावसाळाभर न थांबणारा पाऊस. माझ्या वर्गातल्या काही मुली धनगरवाड्यांवरून चालत येतात, काही एस.टी.ने. ओढ्याला पाणी आलं की बाकं रिकामी दिसतात. अशा शाळेत गाइड पथक सुरू करायचं ठरलं, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, आधी तुम्ही प्रशिक्षण करून या. पथकाचं मग बघू." हा क्रम किती बरोबर होता, हे मला नंतर कळत गेलं. स्काउट-गाइडची चळवळ मुलांची असली, तरी ती उभी राहते शिकलेल्या प्रौढांवर. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेत प्रौढांचं शिक्षण टप्प्याटप्प्यानं होतं. मुलांच्या पथकाला स्काउट मास्टर असतो, मुलींच्या पथकाला गाइड कॅप्टन. आधी बेसिक कोर्स, त्यानंतर शाळेत येऊन प्रत्यक्ष पथक चालवायचं, मग अ‍ॅडव्हान्स कोर्स आणि त्यापुढे हिमालय वुड बॅज. मधला काम करण्याचा काळ वगळून पुढच्या पायरीवर जाता येत नाही. कोर्स निवासी असतात आणि आठवडाभर चालतात. घर, स्वयंपाक, लहान मुलं, सासूसासरे यांची सोय लावून आठवडाभर बाहेर राहायचं, हे आमच्या भागातल्या शिक्षिकेला सोपं नसतं. माझ्या सासूबाईंनी घर सांभाळलं, म्हणून मी जाऊ शकले.

शिबिरात पोचल्याबरोबर आम्हा शिक्षिकांचे संघ पाडले गेले. एका संघात सहा ते आठ जणी. गाइडमध्ये संघाला फुलाचं नाव असतं, तसं आमचंही ठेवलं. संघनायिका आमच्यातलीच. पंचवीस वर्षं नोकरी झालेली बाई आणि नुकतीच रुजू झालेली मुलगी एकाच तंबूत, एकाच चुलीवर. पहाटे व्यायाम, मग तंबूची तपासणी, ध्वजारोहण आणि दिवसभर तासिका. तासिका म्हणजे व्याख्यानं नव्हेत. गाठ शिकायची तर दोर हातात घ्यायचा. होकायंत्र शिकायचं तर माळावर उभं राहून दिशा काढायची. नदी न ओलांडता तिची रुंदी अंदाजानं मोजायची. बांबू आणि सुतळी घेऊन भांड्यांची मांडणी, चपलांचा स्टँड, हात धुवायची जागा उभी करायची. रात्री शेकोटीभोवती प्रत्येक संघानं काहीतरी सादर करायचं, आणि दिवसभरात काय केलं ते झोपण्याआधी नोंदवहीत लिहायचं.

मुलांना जे करायला सांगायचं, ते आधी मोठ्यांनी स्वतः जगून बघायचं, असा या पद्धतीचा पाया आहे. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. श्रीमंतांच्या शाळांतली मुलं आणि कामकरी घरांतली मुलं एकत्र आणून त्यांचे चार संघ केले. चळवळ झपाट्यानं पसरली आणि तिला शिकलेले पुढारी कमी पडू लागले. म्हणून 1919 मध्ये लंडनजवळ गिलवेल पार्क इथं प्रौढांसाठी पहिला कोर्स झाला. तो पूर्ण करणाऱ्यांना लाकडी मणी देण्यात आले. दक्षिण आफ्रिकेतला झुलू राजा दिनिझुलू याच्या माळेतले ते मणी होते, असं सांगितलं जातं. आज आपल्याकडे हिमालय वुड बॅज मिळवणाऱ्याच्या गळ्यात जे दोन मणी दिसतात, त्यांची परंपरा तिथली. आपल्या देशात मुलींचं पहिलं गाइड पथक 1911 मध्ये जबलपूरला सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये निरनिराळ्या स्काउट संस्था एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकच संस्था झाली आणि पुढच्या वर्षी गाइड संघटनाही तिच्यात सामील झाली. मध्य प्रदेशात पचमढीला तिचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे.

कोर्समध्ये गाठी आणि बंधनांवर बराच वेळ जातो. पण सगळ्यांत अवघड शिकवण असते हात मागे घेण्याची. वर्गात आम्ही बोलतो, मुली ऐकतात. पथकात मुलींनी ठरवायचं आणि मुलींनीच करायचं. कॅप्टननं बाजूला उभं राहून बघायचं, धोका दिसला तरच मध्ये पडायचं. भात करपला तर करपू द्यायचा. दुसऱ्या दिवशी जाळ कमी कसा करायचा ते त्या आपणहून विचारतात. शिक्षकाच्या जन्मजात सवयीविरुद्ध हे जातं, म्हणूनच त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं.

परत आल्यावर आमच्या शाळेत मोगरा, जास्वंद, शेवंती आणि कमळ असे चार संघ झाले. संघनायिका मुलींनीच निवडल्या. त्यांची कॅप्टनबरोबर जी बैठक होते तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. पथकाचे निर्णय तिथं होतात. पहिलाच प्रश्न वेळेचा आला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पथकाची सभा ठेवली होती, पण सभेला थांबलं की लांबच्या वाड्यांवरच्या मुलींची एस.टी. जायची. मला उत्तर सुचत होतं, तरी मी गप्प राहिले. संघनायिकांनी सगळ्या वाड्यांच्या गाड्यांच्या वेळा कागदावर मांडल्या, आणि शनिवारचे शारीरिक शिक्षणाचे तास पथकाला मिळावेत असा अर्ज लिहून स्वतः मुख्याध्यापकांकडे नेला. अर्ज मंजूर झाला. तेव्हापासून पथकातली कुठलीही अडचण आली, की मुली आधी कागद-पेन घेऊन बसतात.

मला शहरी उदाहरणांतून शिकवलेल्या कितीतरी गोष्टी या मुलींना घरातूनच येत होत्या. म्हैस खुंट्याला बांधायची गाठ, गवताचा भारा आवळायची गाठ, पावसात चूल पेटवण्यासाठी सरपण कुठून आणायचं, हे त्यांना मी सांगायला नको होतं. त्यांना नवी होती ती बोलाइन. तिचा फास कितीही ताण दिला तरी आवळत नाही, म्हणून ती माणसाच्या छातीभोवती टाकून त्याला ओढता येतं. विहिरी, ओढे, बंधारे असलेल्या गावात ही गाठ फार मोलाची आहे. तिच्याबरोबर नियमही शिकवला: बुडणाऱ्यासाठी पाण्यात उडी टाकायची नाही. आधी आरडाओरडा करून माणसं गोळा करायची, काठी पुढं करायची, दोर नाहीतर रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकायचा. मदतीला गेलेला माणूसच बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

प्रथमोपचारात आमच्याकडे सर्पदंश पहिल्या नंबरावर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप ओळखणं चांगलंच, पण दंश झाल्यावर साप शोधत बसायचं नाही. आवळपट्टी बांधायची नाही, ब्लेडनं कापायचं नाही, तोंडानं रक्त ओढायचं नाही. माणसाला धीर द्यायचा, चालवायचं नाही, दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा पट्टीला बांधून स्थिर करायचा आणि सर्पविषावरची लस असलेल्या दवाखान्यात लवकरात लवकर न्यायचं. 108 ला फोन करायचा. एका वाडीवर मुलींनी याचं प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा एक आजोबा म्हणाले, "आमी तर दोरीनं घट आवळून बांधत आलोय." त्यांच्याच नातीनं समजावलं, "आज्जा, घट बांधलं की त्या पायाचं रगात बंद हुतं, पाय वाया जातो." माझ्या सांगण्यापेक्षा तिचं सांगणं त्यांना पटलं. रस्ता नसलेल्या वाडीवरून आजाऱ्याला खाली आणायला दोन काठ्या आणि घोंगडीचं स्ट्रेचर कसं करायचं, तेही मुलींनी तिथं दाखवलं.

हिवाळ्यात आम्ही पांढरपाणीहून पावनखिंडीपर्यंत पदभ्रमण ठेवलं. 13 जुलै 1660 ला बाजीप्रभू देशपांडे जिथं लढले, ती जागा आमच्याच तालुक्यात आहे, आणि दर जुलैमध्ये पन्हाळ्याहून हजारो तरुण त्या वाटेनं येतात. भर पावसात शाळकरी मुलींना मात्र मी नेणार नव्हते. आधी मी आणि एक सहकारी शिक्षक वाट बघून आलो. पाणी कुठं मिळतं, मोबाईलला रेंज कुठं आहे, गाडी कुठवर येते, जवळचं आरोग्य केंद्र कोणतं, हे लिहून घेतलं. पालकांची लेखी संमती, मुख्याध्यापकांची परवानगी, प्रत्येक मुलीच्या आजारपणाची माहिती आणि मोठ्या माणसांमध्ये दोन स्त्रिया, एवढं झाल्यावरच तारीख ठरली. कडेकपारीला आग्या मोहोळं असतात, म्हणून सुवासिक तेल किंवा अत्तर नको, धूर नको, दंगा नको, हे मुलींना बजावलं. गवा दिसला तर थांबायचं, त्याच्याजवळ जायचं नाही, त्याची वाट अडवायची नाही. रानात चूल पेटवायची नाही. भाकरी, झुणका आणि ठेचा बांधून न्यायचा.

एक आई माझ्याकडे आली होती. "पोरींना रानात कशाला नेताय, मॅडम?" असं तिनं स्पष्ट विचारलं. मी तिला तो सगळा कागद वाचून दाखवला. तिनं सही केली. पालकांचा विश्वास मिळतो तो अशा तयारीमुळे, हे मी तिच्याकडून शिकले. वाटेत नकाशा आणि होकायंत्र संघनायिकांच्या हाती होतं. उतारावर एकीचा पाय मुरगळला, तेव्हा मी पुढं होईपर्यंत मुलींनी तिला बसवलं होतं, पाय दप्तरावर उंच ठेवला होता आणि गळ्यातला स्कार्फ सोडून घोट्याला पट्टी बांधायला घेतली होती. माझ्याकडे बघून त्यांच्यातली एक म्हणाली, "मॅडम, तुमी बसा की, आमी करतोय न्हवं." मी पट्टी फार घट्ट तर नाही ना, एवढंच तपासलं.

अलीकडच्या प्रशिक्षणात आणखी एका विषयावर भर असतो आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जागतिक स्काउट संघटनेचं 'सेफ फ्रॉम हार्म' नावाचं धोरण आहे. मुलांना मोठ्यांकडून किंवा एकमेकांकडून कुठल्याही प्रकारचा त्रास होऊ नये, यासाठी प्रौढांनी कसं वागायचं हे त्यात येतं. एका मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसानं बंद जागेत राहायचं नाही. तंबू मोठ्यांचे वेगळे, मुलांचे वेगळे. अपमानकारक शिक्षा नाही, शरीरावरून चेष्टा नाही. मूल काही सांगू लागलं तर शांतपणे ऐकायचं, "असं कसं झालं?" म्हणून त्याच्यावरच संशय घ्यायचा नाही, आणि गुपित ठेवण्याचं वचन द्यायचं नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. 1098 हा मदतीचा क्रमांक प्रत्येक मुलीला पाठ असला पाहिजे. आमच्या पथकात गाइडच्या नऊ नियमांबरोबर तो नंबरही पाठ करून घेतला जातो.

मोठ्यांची तयारी कमी पडली की काय होतं, याची उदाहरणं दूर शोधावी लागत नाहीत. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले आणि सगळा महाराष्ट्र हळहळला. 2023 च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियात जागतिक स्काउट जांबोरी भरली होती. जगभरातून चाळीस हजारांहून अधिक स्काउट आले होते. कडक उन्हानं शेकडो जण आजारी पडले, काही देशांची पथकं मुदतीआधीच मैदान सोडून गेली, आणि शेवटी वादळाच्या इशाऱ्यामुळे सगळ्यांनाच तिथून हलवावं लागलं. पैसा आणि साधनं असलेल्या देशातही सावली, पाणी आणि स्वच्छता यांचं नियोजन मोठ्यांनीच करावं लागतं. 'तयार राहा' हे बोधवाक्य मुलांच्या आधी मोठ्यांना लागू आहे.

आमच्याकडची खरी अडचण अशी की, हे प्रशिक्षण बहुतेक शिक्षकांपुरतंच राहतं. शिक्षकाची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला, की पथक थांबतं. गणवेश पेटीत जातात आणि कागदावर नोंद तेवढी उरते. खरं तर शाळेबाहेरच्या प्रौढांनाही पथक चालवता येतं, खुली पथकंही असतात. गावातली नर्स, आशाताई, वनरक्षक, निवृत्त फौजी, पूर्वी गाइड असलेली आणि आता गावातच लग्न करून राहिलेली तरुणी, या सगळ्यांकडे मुलांना देण्यासारखं खूप आहे. प्रत्येक शाळेत किमान दोघांनी प्रशिक्षण घ्यावं, त्यातली एक स्त्री असावी, आणि शिबिराच्या काळात तिच्या घरची जबाबदारी घरच्यांनी आनंदानं घ्यावी. शाळांनीही त्या दिवसांच्या तासिकांची सोय आधीच लावून द्यावी.

शाहूवाडीसारख्या तालुक्यात पाऊस, पूर, साप, दरडी हे सगळं दरवर्षी येणारच. ते आल्यावर घाबरून न जाता काय करायचं हे जाणणारी मुलं-मुली प्रत्येक वाडीवर असली पाहिजेत, आणि त्यांना तयार करायला शिकलेली मोठी माणसं हवीत. वाचणाऱ्यांपैकी कुणी शिक्षक असाल, पालक असाल, किंवा गावात मुलांसाठी थोडा वेळ देऊ शकत असाल, तर जिल्ह्याच्या स्काउट-गाइड कार्यालयात जाऊन पुढच्या बेसिक कोर्सची चौकशी करा आणि नाव नोंदवा.