खोलीचं मत

जुने हॉर्न स्पीकर घ्यायचे म्हटलं की लोक आधी वॉटची चौकशी करतात. मी आधी टेप काढून खोली मोजली. दहा बाय बारा. एका कोपऱ्यात दार, दुसऱ्यात लोखंडी कपाट. कोपऱ्यात बसणाऱ्या क्लिप्शहॉर्न स्पीकरचा विषय तिथेच मिटला.

४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटर. एवढा खर्ज कर्ण्यातून नीट काढायचा, तर त्याचं तोंड दारापेक्षा मोठं हवं. पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनिअरने कर्णा घडी घालून पेटीत बसवला आणि त्याचा शेवटचा भाग खोलीच्या भिंतींकडूनच करून घेतला. १९४६चा हा क्लिप्शहॉर्न म्हणूनच एकेक मोकळा कोपरा मागतो, म्हणजे जोडीला दोन.

थिएटरसाठी घडवलेला आल्टेक कंपनीचा ए-७ स्पीकर कोपरा मागत नाही, अंतर मागतो. जवळ बसलं की तंबोरा वरून येतो, डग्गा खालून. दोघांची एक मैफल काही होत नाही.

म्हणून मन क्लिप्शच्याच जुन्या हेरेसीकडे वळतं. १९५७चं हे मॉडेल आटोपशीर आहे. मधले आणि वरचे स्वर कर्ण्यातून, खर्ज मात्र बंद पेटीतल्या बारा इंची वूफरमधून. भिंतीला टेकवून, किंचित मागे कलवून जमिनीलगत ठेवला की खर्जाला अंग येतं. कोपऱ्यात फारच सरकवला, तर डग्गा घुमायला लागतो. थोड्याशा वॉटमध्येही हा खणखणीत बोलतो, त्यामुळे ॲम्प्लिफायर छोटा चालेल.

कपाट हलवण्याचा विषय घरात काढायची गरज उरली नाही, हाही फायदाच.